कापसावरचे लाल ठिपके

(दृश्य : पडवीत भरलेला कापूस. ढिगावर अंग चोरून बसलेली मांजर.)

भाव चढेल या आशेनं विदर्भात कापूस घरातच भरून ठेवतात. मांजर त्यावरच निजते. म्हणून या घरात रक्त आधी कापसावर दिसलं. तीन-चार लाल ठिपके.

"दोन दिवस झाले, दुधालेही तोंड नाही लावून रायली," आजी सांगतात. "मले वाटलं, उंदीर खाऊन आली असन."

उंदीर खाल्ला असेलही, आणि घोर तोच आहे. गेल्या आठवड्यात तुरीच्या पोत्यांमागे उंदराच्या औषधाच्या वड्या ठेवल्या होत्या. ब्रोमॅडिओलोनसारखं विष लगेच मारत नाही. ते व्हिटॅमिन के निकामी करतं, रक्त गोठवणारे घटक आटत जातात आणि काही दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. तोवर सुस्तावलेला उंदीर घरभर हिंडतो. मांजरीला आयती शिकार, आणि विष तिच्या पोटात.

वेळेत कळलं तर उतारा आहे, व्हिटॅमिन के-१. तो आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो, तोही डॉक्टरांच्या मापानं. दवाखान्यात जाताना वडीचं वेष्टन सोबत न्या.

दर वेळी विषच असतं असं नाही. मांजर ताटलीपाशी येते, वास घेते, कळवळून मागे सरते, तेव्हा भूक असते पण तोंड दुखत असतं. खराब झालेले दात, सुजलेल्या हिरड्या, कॅलिसी विषाणूनं जिभेवर पडलेले व्रण. म्हाताऱ्या मांजरीत मूत्रपिंडाचा आजार किंवा तोंडातली गाठ.

बैलानं चारा सोडला की आपण रातोरात डॉक्टरांना बोलावतो. मांजरीला मात्र "खाईल भूक लागली की" म्हणून सोडून देतो. दोन-तीन दिवसांच्या उपासानं तिच्या यकृतात चरबी साचू लागते, आणि त्यानंही ती दगावू शकते.

माणसांची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. एका गोळीनंही मांजरीचा जीव जाऊ शकतो. तोंडात बोट घालू नका. लाळ गाळणाऱ्या मांजरीला रेबीजही असू शकतो. चावली, ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी सरकारी दवाखाना गाठा.

(दृश्य : तालुक्याचा जनावरांचा दवाखाना. टोपल्यात मांजर, वर जुनं लुगडं.)

डॉक्टर हलकेच ओठ वर करतात. हिरड्या पांढुरक्या. वेष्टन वाचून ते इंजेक्शन भरतात.

"रोज आणा लागन काय जी?" आजी विचारतात.

गावात नातू पोत्यांमागच्या वड्या गोळा करतोय. मेलेला उंदीर सापडला तर उकिरड्यावर टाकायचा नाही, खोल खड्ड्यात पुरायचा, असं आजीनं निघतानाच बजावलंय.