मसुऱ्याचा भिवा

नमस्कार श्रोतेहो.

1834 पासून उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून मजूर मॉरिशसला नेले. त्यांत आपले कोकणातलेही होते. त्यांचे खापरपणतू आज गाव शोधत येतात. हातात दोन-तीन कागद, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

समजा, पूर्वजाचं नाव भिवा. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात मजूर उतरवून घेत त्या डेपोत, म्हणजे आजच्या अप्रवासी घाटावर, नोंद झाली: गाव मसुरे, जिल्हा रत्नागिरी, वय 22. मृत्यूच्या दाखल्यात जन्मस्थान मुंबई, आणि वय हिशेबापेक्षा आठ वर्षांनी जास्त. नकाशात पाहावं तर मसुरे सिंधुदुर्गात!

यातलं गावाचं कोडं लगेच सुटतं. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो 1981 साली. मुंबई म्हणजे जहाज सुटलं ते बंदर, शिवाय अख्ख्या इलाख्याचंही नाव.

वयाचं तसं नाही. दोन आकड्यांची सरासरी काढणारे मला भेटलेत. तो नाद सोडा. सांगणारा कोण होता ते बघा. डेपोत भिवा स्वतः उभा होता, पण भरती करणाऱ्याला माणूस तरणाबांड दाखवायचा असे. मरणाची खबर द्यायला गेला असेल एखादा शेजारी. त्याला भिवाचा जन्म काय ठाऊक? वंशावळीत दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहा, आणि कुठल्या कागदावरून घेतले तेही.

एकाच नावाचे दोघे निघाले तर? प्रत्येक मजुराला नंबर मिळे. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या नोंदवह्या आहेत. त्यांत उंची, अंगावरची खूण, असं बरंच सापडतं. लग्नाच्या कागदावर तोच नंबर दिसला, तर माणूस तोच. नुसतं नाव जुळलं म्हणून हुरळू नका.

सगळ्यात फसवं आडनाव. आपली रीत, आधी स्वतःचं नाव, मग बापाचं. तिथल्या कारकुनाने बापाचं नावच आडनाव धरलं. भिवाचा मुलगा 'गणू भिवा' झाला, आणि पुढे 'भिवा' घराण्यालाच चिकटलं. पाहुणे गावात येऊन विचारतात, "इथे भिवा आडनावाचे कोण?" आणि आपण पारावरूनच, "नाही हो, असं आडनाव नाही आमच्यात," म्हणून मोकळे होतो.

त्यांना आधी बसवा. विचारा, डेपोच्या नोंदीत भिवाच्या बापाचं नाव काय आहे? राघू? मग वाडीतल्या म्हाताऱ्यांना हाक मारा: कुणाच्या घरात राघू होता का हो, ज्याचा पोरगा मुंबईला म्हणून गेला आणि परतलाच नाही?