लग्नाचा रंग आणि पर्समधली चिंधी

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं ब्लाउजपीसचं दुकान आहे. तीस वर्षं झाली गल्ल्यावर बसून. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी बायका साडी पुढे करून विचारायच्या, "यावर काय जाईल?" आता साडी घरीच असते आणि मोबाइल पुढे येतो. "काका, आमची थीम ही आहे."

स्क्रीनवर एक मंडप असतो. कुठल्यातरी समुद्रकाठचा. फिकट जांभळे पडदे, फिकट जांभळी फुलं, खुर्च्यांना फिकट जांभळे बो. छान दिसतं, नाही म्हणत नाही मी. मग मी विचारतो, "मुलगी अष्टपुत्री नेसणार ना?" आई म्हणते, "हो, मामा देणारच." "चुडा?" "म्हणजे काय, हिरवाच." मग पिवळी साडी, हिरवा चुडा, कपाळावर लाल कुंकू, नवरदेवाचं पांढरं धोतर, मध्ये धरलेल्या अंतरपाटावर लाल स्वस्तिक. यात फिकट जांभळ्यानं नेमकं कुठं उभं राहायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या लग्नाचे रंग विधींनीच ठरवून ठेवलेत. घराघराची पद्धत थोडी वेगळी असेल, पण पिवळा, हिरवा, लाल आणि पांढरा हे चार पाहुणे न बोलावता येतातच. आपण निवडायचा तो पाचवा. आणि तो या चौघांशी भांडणारा नसावा.

यातले पिवळा आणि लाल तर एकाच घरातले. घरी कुंकू करायची जुनी रीत आठवून पाहा. हळदच असते ती, तिला चुन्याची साथ दिली की लाल होते. हळदीच्या दिवशी साडीवर डाग पडला आणि घाबरून साबण लावला तर तो लालभडक होतो, तेही याचमुळे. साबणातला क्षार. डाग वाढला म्हणून रडू नका, साबण नीट निघाला की तो परत पिवळा होतो. धुता येण्यासारखं कापड असेल तर धुऊन ओलंच उन्हात टाका. हळद उन्हाला टिकत नाही.

आता तो पाचवा रंग. आपल्या भाषेत रंगांना केवढी नावं आहेत! डाळिंबी, आमसुली, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, श्रीखंडी, शेवाळी, राणी. बहुतेक सगळी स्वयंपाकघरातून नाहीतर बागेतून आलेली. म्हणूनच ती हळदीशेजारी शोभतात. डाळिंबी घ्या, मोरपंखी घ्या, जांभळाच हवा असेल तर पिकलेल्या जांभळाचा घ्या, भरलेला. धुतलेला नको. फिकट रंग दुपारच्या मुहूर्ताला उन्हात पार उडून जातात, आणि कुंकवाचं एक बोट लागलं तरी फोटोत तेवढंच दिसतं. रिसेप्शनला घाला की हौसेनं, तिथं हळद नसते.

येवल्याची धूपछाव पैठणी असेल तर काम आणखी सोपं. तिचे उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. हलली की रंग पालटतो. त्या दोहोंपैकी कुठलाही एक धरून घरच्यांचे कपडे घ्या. जुळतंच. आमच्या धंद्यात हिच्यासारखी सोयीची साडी नाही. तरी बायका तिसराच रंग शोधायला अर्धा दिवस घालवतात. असो.

खरी गोम उजेडात आहे. तुम्ही पाहिलं असेल, जुना दुकानदार कापड हातात देऊन म्हणतो, "ताई, दारात उन्हात जाऊन बघा." विक्रीची लकब नाही ती. दुकानातल्या ट्यूबखाली दोन कापडं अगदी एक वाटतात आणि रस्त्यावर नेली की एक आमसुली, दुसरं चक्क चॉकलेटी. दोन्हींचा डाय वेगळा असतो, त्यामुळे दिवा बदलला की जोडी फुटते. म्हणून मुहूर्त सकाळचा असेल तर उन्हात जुळवा आणि संध्याकाळचा असेल तर घरच्या पिवळ्या दिव्याखाली. लग्न ज्या उजेडात लागणार, खरेदी त्या उजेडात.

गेल्या वर्षी म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डीपी रस्त्यावर एका लॉनवर गोरज मुहूर्ताच्या लग्नाला गेलो होतो. मंडपवाल्यानं हौसेनं जांभळे-निळे एलईडी सोडलेले. मुलगी अष्टपुत्री नेसून आली आणि साडी मातकट दिसायला लागली. बिचारीचा चेहराही तसाच. निळ्या उजेडात पिवळ्याला परत फेकायला काही मिळतच नाही, तो काळवंडतो. फोटोग्राफर डोक्याला हात लावून बसला. तेव्हा मंडपवाल्याला आधीच सांगा: रंगीत दिवे मागच्या पडद्यावर, झाडांवर, कुठंही सोड. बोहल्यावर साधा, किंचित पिवळसर पांढरा उजेड. वॉर्म व्हाइट म्हटलं की त्याला कळतं.

आता चिंधी. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग जुळवू नका, पाया पडतो. एकच फोटो तुमच्या फोनवर डाळिंबी, विहीणबाईंच्या फोनवर लाल. एक बाई असाच फोटो दाखवून माझ्याकडून आठ मीटर कापड घेऊन गेल्या, करवल्यांच्या ब्लाउजसाठी. मीही दिलं, चूक माझीही. चार दिवसांनी साडी घेऊनच आल्या आणि काही न बोलता दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवलं. बोलायची गरजच नव्हती. कापलेलं कापड, परत तरी कसं घेणार? अर्धं मी सोसलं, अर्धं त्यांनी.

तेव्हापासून सांगतो, शालूला जोडून येतो तो ब्लाउजपीस कापताना शिंप्याला म्हणावं, कडेच्या चार पट्ट्या दे, दोन बोटं रुंद. एक तुमच्या पर्समध्ये, एक व्याह्यांकडे, एक फेटे बांधणाऱ्याला, एक मंडपवाल्याला. बस. पट्टीला काठाचाही तुकडा असला तर सोन्याहून पिवळं, कारण काठाची जर सोनेरी आहे की तांबूस हे फेट्यावाल्याला त्यावरूनच कळतं. आणि एकाच रंगाचं बरंच कापड लागणार असेल तर एकदम, एकाच ताग्यातलं घ्या. पुढच्या लॉटमध्ये रंग अर्धी पायरी तरी हलतोच.

फुलांचा हट्ट मात्र सोडा. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे जा: झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब. केशरी, पिवळा, पांढरा, लाल. परत जवळपास तेच पाहुणे! निळी-जांभळी फुलं पुष्कळदा रंगात बुडवलेली असतात, आणि तो रंग वरमाईच्या पदराला लागतो.

राहिले नातेवाईक. सगळ्यांनी एकच रंग घालायचा, हे मला पटत नाही. बँडपथक वाटतं. एक पट्टा सांगावा. माझ्या मुलीच्या लग्नात बायकोनं सांगितलं होतं, डाळिंबीपासून अबोलीपर्यंत, मधलं काहीही. कुणी कपाटातली जुनी साडी काढली, कुणाला नवीन घ्यावी लागली नाही. सगळे निरनिराळे आणि तरी एका घरचे.

एवढं ठरवलेलं, आणि सीमंतपूजनाला माझी धाकटी आत्या आली ती काळ्या चंद्रकळेत. लाल काठ. ऐंशीची आहे. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. लग्नात काळं? कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालंच. आत्या म्हणाली, "मंगळसूत्राचे मणी काय पिवळे असतात?" आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

अल्बममध्ये त्या सगळ्या डाळिंबी-अबोलीत ती काळी साडीच नजर धरते, बाकीचे रंग तिच्यामुळे उठून दिसतात. फोटो पाहणारा प्रत्येक जण आधी विचारतो, या कोण? मी साडीचं कौतुक ऐकून घेतो. तिचा ब्लाउज इतका नेमका जुळलाय की आमच्याच दुकानातला वाटावा. आमच्याकडचा नाही तो. कुठून घेतला, हे आत्या अजूनही सांगत नाही.