दोन्ही बल्ब एकाच दिवशी मरतेत काय?

नमस्कार श्रोतेहो. आज गाडीच्या पुढच्या फॉग लाइटविषयी. बंपरमध्ये खाली असतात, ते. धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइट खालून, रस्त्याला धरून उजेड टाकतो. चांदण्या रात्री फॉग लाइट लावून समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्यांविषयी मात्र मी इथे बोलत नाही. बोललो तर हे माझं शेवटचं भाषण ठरेल.

तर जुलैतली गोष्ट. आमचं गाव दर्यापूरकडचं. साळ्याची मंडळी आली, चिखलदऱ्याला जायचं ठरलं. पावसाळ्यात त्या घाटात आपलंच बोनेट दिसत नाही. आदल्या संध्याकाळी बटण दाबून पाहिलं, तर दोन्ही फॉग लाइट बंद. मी दोन नवे बल्ब आणले, चिखलात पोतं टाकून, उताणा पडून बसवले. अंधार तो अंधारच. बायको ओसरीतून म्हणाली, "आधी कोणाले दाखवा ना." मी ऐकतो थोडाच!

सकाळी परतवाड्याला एका वायरमनकडे थांबलो. म्हातारा माणूस, जन्म ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये गेलेला. त्याने पान्याला हातही लावला नाही. "मास्तर, दोन्ही संगच गेले काय?"

"हो."

"मंग बलप कायले बदलले? दोघंबी एकाच दिवशी मरतेत काय?"

साळा खिडकीबाहेर पाहू लागला.

म्हाताऱ्याने आधी पार्किंग लाइट लावायला सांगितला. बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय फॉग लाइट लागतच नाही. फ्यूज काढून उजेडात धरला, तार शाबूत. रिलेवर, म्हणजे बटण दाबलं की करंट जोडणाऱ्या डबीवर, बोट ठेवून मला बटण दाबायला लावलं. टिक्. म्हणजे रिले हलत होता. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावून टोक कपलरमध्ये, म्हणजे बल्बला वायर जोडणाऱ्या खोबणीत, घातलं, लॅम्प पेटला. म्हणजे करंट येत होता. चिमटा काढून कपलरच्याच काळ्या वायरला लावला, लॅम्प विझला. "अर्थ नाही मास्तर." अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट.

काळ्या वायरीच्या मागे मागे त्याचा हात हेडलाइटच्या कोपऱ्यात गेला आणि बाहेर आला तो मूठभर कापूस घेऊन! भाव वाढेल म्हणून आम्ही जूनपर्यंत कापूस शेडमध्ये ठेवला होता, गाडीला लागूनच. भाव वाढला नाहीच (आमच्याकडे तो माल विकल्यावरच वाढतो), पण उंदराने बोनेटमध्ये घर थाटलं. दोन्ही लाइटची एकच अर्थ वायर, ती त्याने कुरतडलेली. म्हाताऱ्याने जोड मारला, बॉडीवरचा नट घासून कसला. दोन्ही लाइट पेटले. कापूस माझ्या हातात देत म्हणाला, "हा कोन्त्या भावानं देता?"

वेळ संपत आली, तेव्हा पुन्हा ऐका. एकच लाइट गेला, तर बल्ब नाहीतर त्याचा कपलर. दोन्ही गेले, तर फ्यूज, रिले, बटण, अर्थ. एक गेला तर बल्ब. दोन्ही गेले तर मागे जा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने तो लवकर जातो. आणि ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर ओढतात, तिथे १५चा फ्यूज उडतो म्हणून ३०चा ठोकाल, तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

चिखलदऱ्याला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. नमस्कार.