पैसे मोजले, पुस्तक कुणाचं?

नमस्कार. समोर वाचनालयाचे सभासद आहेत, काही प्रकाशक मंडळी दिसतायत, मागच्या रांगांत लॉ कॉलेजची मुलं आहेत. तेव्हा प्रस्तावना न करता विषयावरच येते: पैसे देऊन घेतलेलं ई-बुक खरंच आपलं असतं का? आधी छापील पुस्तकाचं बघू.

दुकानातून पुस्तक विकत घेतलं की मजकुरावरचा हक्क लेखक-प्रकाशकाकडेच राहतो, पण हातात आलेली प्रत आपली होते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 14 मध्ये हे स्पष्ट आहे. एकदा विकलेली प्रत वितरणात आलेली मानायची आणि ती पुढे कुणाच्या हाती जाते यावर हक्कधारकाचा ताबा नाही. अमेरिकेत हा वाद 1908 साली सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एका प्रकाशकानं पुस्तकात छापून टाकलं होतं की, एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकाल तर आमचा हक्कभंग समजू. मेसीज या दुकानानं ते 89 सेंटला विकलं. न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला. पहिल्या विक्रीबरोबर प्रकाशकाचा शब्द संपला.

या एका तत्त्वावर आपलं सगळं वाचन उभं आहे. जून उजाडला की वरच्या वर्गातली पुस्तकं निम्म्या किमतीत खालच्या वर्गातल्या मुलांकडे जातात. आपलं कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून पुस्तकं घरी देतंय, त्यासाठी प्रत्येक प्रकाशकाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. माझ्याकडे आईच्या माहेरचं एक पुस्तक आहे. पहिल्या पानावर आजोबांची निळ्या शाईतली सही, तिच्याखाली मामाची, मग आईचं लग्नाआधीचं नाव. तीन नावं, आणि एकानंही कुणाला विचारलेलं नाही.

आता ई-बुकचं बघा. पडद्यावर 'विकत घ्या' असं बटण असतं. आपण ते दाबतो, पैसे कापल्याचा मेसेज येतो. पण न वाचता मान्य केलेल्या अटींत काय लिहिलंय? ॲमेझॉनच्या किंडल या ई-बुक वाचायच्या यंत्राच्या अटींत सरळ म्हटलंय की मजकूर परवान्यावर दिला जातो, विकला जात नाही. बहुतेक मोठ्या विक्रेत्यांची भाषा अशीच आहे. सरकारही तसंच धरतं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-बुकवर आधी 18 टक्के होता, जुलै 2018 पासून छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवर तो 5 टक्के झाला. पण हा दर सेवांच्या यादीत आहे, मालाच्या नाही. म्हणजे मालक म्हणून घेतलेलं पुस्तक कागदोपत्री आपल्याला पुरवलेली एक सेवा असते.

परवाना म्हटला की तो काढून घेताही येतो. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलची '1984' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे कारण खरं होतं आणि पैसेही परत दिले. पण एका विद्यार्थ्यानं पुस्तकासोबत केलेल्या अभ्यासाच्या नोंदी निकामी झाल्या. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीला माफी मागावी लागली, तडजोड करावी लागली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-बुकचं दुकानच बंद केलं. जुलैपासून घेतलेली पुस्तकं उघडेनात. किंमत परत मिळाली, ज्यांनी समासात नोंदी केल्या होत्या त्यांना 25 डॉलर जादा. समासातल्या नोंदींची ही किंमत वाचून मला खरंच वाईट वाटलं. आणि 26 फेब्रुवारी 2025 पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय काढून टाकली गेली. म्हणजे स्वतःकडे प्रत जपून ठेवायची होती तीही वाट अरुंद झाली.

इथलीच एक गोष्ट सांगते. मंगळवार पेठेतल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. मिस्टरांचं निधन झालेलं. मिस्टरांना वाचनाचा भारी नाद, शेवटची काही वर्षं डोळ्यांमुळे अक्षर मोठं करून टॅबवरच वाचायचे. टॅब बिघडला, नवीन आणला, त्यांचं ई-बुकचं खातं त्यावर उघडायला गेल्या तर ओटीपी मिस्टरांच्या नंबरवर. तो नंबर घरच्यांनी कधीच बंद केलेला. कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं की खातं दुसऱ्याच्या नावे होत नाही. ताई मला म्हणाल्या, "वकीलबाई, सातबाऱ्यावर नाव लागलं, गॅस माझ्या नावावर झाला, बँकेचं झालं. पुस्तकं तेवढी त्यांच्याबरोबर गेली का हो?" अटींच्या चौकटीत माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं, आणि ते अजून मला सलतं.

मी ई-बुकच्या विरोधात नाही, हे आधी सांगून ठेवते. 2019 च्या महापुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी घरांतली पुस्तकं लगदा होऊन बाहेर काढावी लागली. डोळे अधू झालेल्यांना मोठं अक्षर मिळतं, परदेशातल्या मुलांना मराठी पुस्तक एका मिनिटात मिळतं. हे फायदे खरे आहेत, म्हणून तर मालकीचा प्रश्न सोडून देता येत नाही.

प्रकाशकांची भीतीही खोटी नाही. नवं पुस्तक आलं की त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरते, आणि ती पुढे ढकलणारे आपल्यासारखे सुशिक्षित लोकच असतात. ही चोरी आहे. तिनं मराठी लेखकाच्या तुटपुंज्या मानधनाला कात्री लागते. डिसेंबर 2019 मध्ये टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयानं वापरलेली ई-बुकं पुन्हा विकायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की डिजिटल प्रत झिजत नाही, जुनी आणि नवी सारखीच, म्हणून जुन्याचा बाजार लेखकाला जास्त मारक ठरेल. मला हे पटतं. त्यामुळे ई-बुक पुन्हा विकायचा हक्क मी मागत नाही.

पण ठेवायचा हक्क, घरात वाचायला द्यायचा हक्क आणि वारसाला सोपवायचा हक्क यांना ते कारण लागू पडत नाही. बायकोनं नवऱ्याचं पुस्तक वाचलं म्हणून लेखकाची एकही विक्री बुडत नाही. शिवाय नक्कल होऊ नये म्हणून फाइलला घातलेल्या डिजिटल कुलपाचा त्रास फक्त पैसे देणाऱ्याला होतो, चोरीची पीडीएफ वाचणाऱ्याला होत नाही. तरीही कुलूप तोडा असं मी सांगणार नाही. 2012 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 65अ नुसार हक्कभंगाच्या हेतूनं ते तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कॅलिफोर्नियानं 1 जानेवारी 2025 पासून एक साधा नियम लागू केलाय. ग्राहकाला परवानाच मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणायचं नाही. पण फाइल कायमची उतरवून घेता येत असेल तर ही अट नाही. आपल्याकडेही असाच नियम हवा, आणि सोबत वारसाची तरतूद हवी. बँक खात्याला नॉमिनी लावता येतो, मग पुस्तकांच्या खात्याला का नको?

तोवर हातात काय आहे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं धरलेली आहेत. कलम 2(46) मध्ये अनुचित कराराची व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायची मुभा कंपनीला देणारं कलम त्यात बसतं. मुलांनो, एक लक्षात ठेवा, अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही. दहा कोटींपर्यंत ती राज्य आयोगाकडे जाते. तक्रारदार राहतो तिथून दाद मागता येते, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, कोल्हापूरच्या माणसाला तिच्या गावी जावं लागत नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. खरेदीच्या दिवशीच पावती आणि अटींचं पान, दोन्ही जपून ठेवा. अटी मागाहून बदलतात, आणि आयोगापुढे जुन्या अटी दाखवता आल्या नाहीत तर तिथंच अडतं.

प्रकाशकांना माझी विनंती आहे की तुमच्या संकेतस्थळावरून तरी बिनकुलपाची ई-पब, म्हणजे ई-बुकच्या प्रचलित स्वरूपातली फाइल द्या. विकत घेणाऱ्याचं नाव तिच्या पहिल्या पानावर छापा, म्हणजे ती ग्रुपवर टाकताना माणूस विचार करेल. परदेशात काही प्रकाशक वर्षानुवर्षं अशी बिनकुलपाची पुस्तकं विकतायत. आज इथं आलेल्यांपैकी कुणाची तयारी असेल तर ग्राहकासाठीच्या अटींचा मसुदा मी मराठीतून, एक पैसाही न घेता करून देईन. वारसाचं कलम त्यात पहिलं असेल.