आधी घर, मग सहल

[दृश्य: चर्चच्या तळघरातला हॉल. घडीची टेबलं, कॉफीचे कागदी कप, अर्जांचे गठ्ठे.]

निवेदन: जूनमधल्या दौऱ्याची ही बैठक भर फेब्रुवारीत चालली आहे. बाहेर बर्फ साचलाय. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका मेथडिस्ट पंथाच्या चर्चचा युवा गट उन्हाळ्यात आठवडाभर केंटकीच्या डोंगरांत जाणार आहे, मोडकळीला आलेली घरं दुरुस्त करायला. मुलं चौदा ते अठरा वर्षांची. यातल्या बऱ्याच जणांनी हातोडा धरलाय तो भिंतीवर फोटो टांगण्यापुरताच.

एका आईचा प्रश्न आहे, माझ्या मुलीला छपरावर चढवणार का?

रास्त प्रश्न. अमेरिकेच्या कामगार कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांना पगारी नोकरीत छपराच्या कामाला किंवा विजेच्या गोल करवतीवर लावता येत नाही. ही मुलं पगारी नाहीत, त्यामुळे इथे चालतो तो यजमान संस्थेचा, म्हणजे तिथे गटांना दुरुस्तीचं काम देणाऱ्या स्थानिक संस्थेचा नियम, आणि तो संस्थेगणिक वेगळा असतो. शहाणा संयोजक तो लेखी मागवतो आणि याच बैठकीत मोठ्यांदा वाचून दाखवतो.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कोळशाच्या खाणी, कंपनीनं बांधलेल्या सारख्याच घरांच्या ओळी.]

निवेदन: अमेरिकेच्या पूर्व भागातून उत्तर-दक्षिण पसरलेली ही अ‍ॅपलाचियन डोंगररांग. इथला कोळसा साऱ्या देशात जळला. खाणीत यंत्रं आली तशी माणसं कमी झाली, मग खाणीही कमी झाल्या. तरुण शहरांकडे गेले, मागे राहिली म्हातारी माणसं आणि त्यांची घरं. 24 एप्रिल 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन केंटकीतल्या आयनेझ गावाजवळ एका कुटुंबाच्या ओसरीवर जाऊन बसले. गरिबीविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेचं ते गाजलेलं चित्र.

पाच वर्षांनी, 1969च्या उन्हाळ्यात, ग्लेन 'टेक्स' इव्हान्स नावाच्या मेथडिस्ट पाद्र्यानं 50 स्वयंसेवक जमवले आणि केंटकीतल्याच बार्बरव्हिलमध्ये चार घरं दुरुस्त केली. त्यातून 'अ‍ॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट' उभा राहिला. घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित, अधिक कोरडं करायचं, एवढंच त्यांचं ब्रीद. योगायोग असा की त्याच वर्षी, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. एनएसएसच्या शिबिरात ज्यांनी शाळेच्या फरशीवर रात्री काढल्यात, त्यांना इथला मुक्काम परका वाटणार नाही. इथेही शाळेचीच फरशी, फक्त हवेच्या गादीची चैन.

[दृश्य: फळ्यावर खडूनं लिहिलेली यादी. एक मुलगा उठून 'रंगकाम' लिहितो.]

निवेदन: आणि इथेच बहुतेक गटांची गाडी घसरते. काय करायचं ते घरबसल्या ठरवून मोकळे होतात. रंगकाम सगळ्यांना हवं असतं. सोपं, झटपट, शेवटच्या दिवशी फोटोला झकास. घराला मात्र रंग नको असतो, घराची जमीन खचलेली असते. शिवाय अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली ती 1978 साली. त्याआधीचं घर असेल तर जुना रंग तपासल्याशिवाय खरवडायचा नाही. शिश्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

म्हणून क्रम उलटा लावायचा. कुटुंब स्थानिक संस्थेकडे अर्ज करतं. संस्थेची माणसं घर बघून, मापं घेऊन कामाची यादी करतात. त्यातलं आपल्या मुलांना झेपेल ते गटानं उचलायचं. आपली मुलं कुठल्या कामात रमतील, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

[दृश्य: चढाच्या कडेला विटांच्या खांबांवर टेकवलेलं जुनं ट्रेलर-घर. दारात व्हीलचेअरवर आजी.]

निवेदन: हे त्यातलं एक घर. कारखान्यात तयार होऊन ट्रकनं आलेलं. अशा जुन्या घरांत जमिनीखाली भुसा दाबून केलेले तक्ते असत. नळाची थेंबथेंब गळती झाली की हा तक्ता फुगतो, मग चुरा होतो. न्हाणीघराच्या दारात पाय ठेवला की जमीन दबते. आजी तिथून भिंतीला हात लावून जातात, व्हीलचेअर बाहेरच राहते.

सरकारी मदत का नाही, असं कुणीही विचारेल. कारणं अनेक, पण एक आपल्या ओळखीचं आहे. जमीन आजोबांच्या नावावर, वाटणीचे कागद कधी झालेच नाहीत, वारस पाच राज्यांत विखुरलेले. मालकी दाखवता येत नाही, म्हणून अर्ज अडतो. सातबाऱ्यावर चार चुलत्यांची नावं असलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको. जुलै 2022मध्ये पूर्व केंटकीत महापूर आला, तेव्हाही हे दुखणं पुन्हा वर आलं.

[दृश्य: चर्चचं पार्किंग, एप्रिल. मुलं फळ्या मापतायत, कापतायत, ठोकतायत.]

निवेदन: सराव. शनिवारी सकाळी चर्चमधले निवृत्त सुतार, एक इलेक्ट्रिशियन आणि एक हौशी मावशी मुलांना शिकवतात. टेप कसा धरायचा, दोनदा मापून एकदा कसं कापायचं, खिळा वाकला तर कसा उपटायचा. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत थांबायचं. ही मावशी ऐकत नाही, हलकासा तिरपा खांबही काढायला लावते.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण टाळता येत नाहीत. प्रत्येक मुलाचं पालकांच्या सहीचं संमतीपत्र, वैद्यकीय माहिती, धनुर्वाताची लस. सोबत येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासणी. एकटा प्रौढ आणि एकटं मूल, अशी वेळ कधीच येऊ द्यायची नाही. गाडीचंही तसंच. 15 आसनी व्हॅन भरली की उलटण्याचा धोका वाढतो, असं तिथलं रस्ता सुरक्षा खातं कधीपासून बजावतंय. तेव्हा दोन छोट्या गाड्या बऱ्या.

पैसा? गाड्या धुणं, पॅनकेकची न्याहारी आणि एक गमतीदार प्रकार, दौऱ्याचे 'शेअर' विकणं. चर्चमधले लोक शेअर घेतात आणि मुलं परतल्यावर भागधारकांच्या सभेत त्यांना हिशेब देतात. लाभांश म्हणून जेवण.

[दृश्य: जून. आजींचं अंगण. दोऱ्या ताणलेल्या, खुंट्या ठोकलेल्या.]

निवेदन: या आठवड्यातलं मोठं काम, रॅम्प. आजींच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून 30 इंच वर. सार्वजनिक इमारतींसाठी अमेरिकेत प्रमाण आहे, एक इंच चढाला किमान 12 इंच लांबी. खासगी घराला त्याची सक्ती नाही, पण व्हीलचेअर ढकलणाऱ्या हातांना तेच प्रमाण मानवतं. म्हणजे 30 इंचांसाठी 30 फूट रॅम्प. आणि अंगण आहे जेमतेम 20 फूट, पुढे उतार.

सोळा वर्षांची एक मुलगी कागदावर गणित मांडते. सरळ नेता येत नाही, मग वळवायचा. वळणावर व्हीलचेअर फिरवायला पाच बाय पाच फुटांचा सपाट चौथरा. पहिला टप्पा 15 फूट, मग चौथरा, दुसरा टप्पा 15 फूट उलट दिशेनं. 15 आणि 5 मिळून 20. कागदावर बसलं, काठोकाठ.

जमिनीत मात्र बसेना. खांबाचे खड्डे थंडीत माती जिथवर गोठते त्याच्याही खाली जायला हवेत, नाहीतर गोठलेली माती फुगून खांब वर ढकलते आणि दोन हिवाळ्यांत रॅम्पच्या लाटा होतात. एक फुटावर खडक लागला. मंगळवारचा सबंध दिवस पहारीनं तो फोडण्यात गेला. गटप्रमुखांच्या वेळापत्रकात मंगळवारी संध्याकाळी फळ्या ठोकणं लिहिलं होतं.

[दृश्य: ओसरी. दुपारची जेवणाची सुटी. आजी आणि तीन मुलं.]

निवेदन: वेळापत्रकात अजून एक गोष्ट लिहून ठेवावी लागते, नाहीतर ती होत नाही. रोज दुपारी घरमालकासोबत बसायचं. मुलं सँडविच खातात, आजी नवऱ्याच्या खाणीतल्या दिवसांबद्दल सांगतात. आणि जाता जाता म्हणतात, कठडा डाव्या बाजूला भक्कम हवा, माझा उजवा खांदा गेलाय. हे कुठल्याच अर्जात लिहिलेलं नव्हतं.

फोटोचा नियम कडक आहे. विचारल्याशिवाय काढायचा नाही. घरातला पसारा, कुजलेली जमीन, आजींचं न्हाणीघर इंटरनेटवर टाकायचं नाही. आमच्या कॅमेऱ्यालाही तोच नियम. आजी दिसतात त्या दारात नाहीतर ओसरीवर, त्यांच्या संमतीनं.

[दृश्य: कामाच्या जागी लाकडाचा ढीग. दूरवर धुकं.]

निवेदन: या दौऱ्यांवर टीका होते आणि ती पोकळ नाही. वीस पोरं शेकडो मैल आणायची, त्यांचं खाणंपिणं, पेट्रोल. तेवढ्या पैशात इथलाच सुतार हेच काम निम्म्या वेळात करेल आणि त्याच्या घरची चूल पेटेल. खरं आहे. पण तो पैसा एरवी इकडे आला असता का, हेही विचारावं लागतं. पॅनकेक खाणाऱ्यानं दहा डॉलर दिले ते समोर उभ्या शेजारच्या पोराकडे बघून. आमच्या मते टीकेचं खरं उत्तर नियोजनातच आहे. लाकूड, खिळे, पत्रे इथल्याच दुकानातून घ्यायचे. वायरिंग परवानाधारक स्थानिक माणसाकडूनच करून घ्यायचं. आणि पोरांनी वाकडं ठोकलेलं पुन्हा ठोकायला कुशल माणूस जागेवर हवा. यातलं काही जमणार नसेल, तर पैसे पाठवून घरी बसलेलं बरं.

[दृश्य: शुक्रवार. रॅम्पचे दोन्ही टप्पे तयार, कठड्याचे उभे खांब तेवढे उभे. गटप्रमुख वहीत लिहितायत.]

निवेदन: काम पुरं झालेलं नाही. न्हाणीघराची जमीन झाली, दर 16 इंचांवर नवा वासा, वर पाऊण इंची प्लायवूड. रॅम्पचा कठडा राहिला. तो होईपर्यंत आजींनी एकटीनं रॅम्पवर यायचं नाही, असं त्यांना सांगून झालंय. त्यांनी मान डोलावली, पण ऐकतील असं दिसत नाही. म्हणून वरच्या टोकाला आडवी फळी ठोकली आहे.

वही इथेच राहते. रविवारी दुपारी दुसऱ्या राज्यातली तुकडी येईल, ती आधी ही वही वाचेल. आजची नोंद अशी: 'कठडा बाकी. उंची 34 ते 38 इंचांच्या मध्ये. डाव्या बाजूला दुप्पट स्क्रू. वरची फळी सगळ्यात शेवटी काढा. उरलेलं लाकूड ताडपत्रीखाली, ओसरीच्या मागे.'