‘भारी’ चालणार नाही

(दृश्य: काळोख. केळीच्या बागेची कड. लांबवर कुत्रं भुंकतंय. खट् असा आवाज होतो आणि मागोमाग एक बारीक, अखंड गुणगुण सुरू होते.)

रात्रीचे पावणेबारा. यावल तालुक्यातलं एक शिवार. ही जी गुणगुण ऐकू येतेय ना, ती डीपीची, म्हणजे शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरची. मोटारीची थ्री फेज लाईट आत्ता आली. या आठवड्यात इथली पाळी रात्रीची, म्हणून बागेचा मालक जेवणखाण उरकून, डोक्याला मफलर बांधून पाणी द्यायला आलाय. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, कारण केळीत बिबट्याची धास्ती. तिसरी वस्तू खिशात आहे: मोबाईल. त्यात याच डीपीचा आवाज भरून ठेवलाय.

त्या आवाजावरून आमच्यात तीन आठवडे भांडण चाललं. ही फिल्म त्या भांडणाची.

(दृश्य: दिवस. भुसावळ यार्ड, चोपड्यातली एक शाळा, धरणगावातलं बँडचं दुकान.)

आम्ही अकरा जण, आपापसात चाली रचायची स्पर्धा खेळतो. भुसावळचे एक मालगाडीचे लोको पायलट, चोपड्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई, धरणगावचे बेंजोवाले नाना, अमळनेरचा मोबाईल दुरुस्तीवाला, हा केळीवाला भाऊ, शिरपूर-शहाद्याकडचे दोघं आणि बाकीचे असेच. नाना सोडले तर गाण्यावर कुणाचं पोट नाही. बारावा एक पोरगा, पाचोऱ्याचा, फार्मसीला आहे. तो आमचा चिटणीस. स्वतः रचना पाठवत नाही, फक्त हिशेब ठेवतो. अकरावा मी. कॅमेरा माझा आहे, म्हणून निवेदनही माझंच. माझा नंबर कितवा आला ते पुढे येईलच, घाई नाही.

दर दोन महिन्यांनी एक विषय निघतो. विषय कळल्यापासून पंधरा दिवस. तीन मिनिटांच्या आत नवी रचना, आणि शब्द अजिबात नाहीत. शब्द नकोत हे बाईंनी लावून धरलं. त्यांचं म्हणणं, शब्द आले की लोक शब्दालाच मान डोलावतात, चाल बिचारी मागे उभी राहते. आणि विषय असा निवडायचा की पेटीत पडलेली जुनी चाल पुसूनपासून पाठवता येऊ नये. ‘पाऊस’ दिला होता तेव्हा तेच झालं. पाऊस प्रत्येकाकडे तयारच असतो. म्हणून या वेळचा विषय अहिराणीतून निघाला: ‘रातनी लाईट’.

परीक्षक नाही. परीक्षक म्हटला की शाल आली, नारळ आला, पाकीट आलं आणि वर त्याचं पाऊण तासाचं भाषण. त्यापेक्षा अकरा जणांनी एकमेकांचं ऐकायचं, एकमेकांना सांगायचं आणि एकमेकांना मत द्यायचं. ऐकायला सोपं आहे.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. एकाखाली एक मेसेज.)

पहिल्या खेपेला आलेले अभिप्राय हे असे. ‘भारी भो!’ ‘एक नंबर.’ ‘दादा तोडलंत.’ ‘भारी.’ ‘भारी.’ एकाने नुसताच अंगठा.

यात खोटेपणा नाही, संस्कार आहे. आपल्याकडे पंगतीला बसून भरीत अळणी आहे असं कुणी म्हणतं का? पानात मीठ मागतो, तेही हळूच. समोरच्याने पंधरा रात्री जागून काही केलंय, त्याला तोंडावर काय म्हणायचं? पण मग रचना पाठवायची कशाला? ‘भारी’ ऐकायला घरचे आहेत.

मग नियम झाला. ‘भारी’ चालणार नाही. प्रत्येक रचनेबद्दल निदान दोन गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीला घड्याळ लावायचं: कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, काय झालं, तुम्हाला काय वाटलं. ‘मी असतो तर’ या शब्दांनी वाक्य सुरू करायचं नाही. दहाच्या दहा रचनांवर लिहिलं नाही तर तुमचं मत बाद, आणि तुमची रचनाही निकालातून बाहेर. हे शेवटचं कलम कडक वाटतं, पण ते नसतं तर रचना अकरा आल्या असत्या आणि ऐकणारे चार.

घड्याळ लावल्यावर माणसं बदलली. सेकंद लिहायचा म्हणजे परत ऐकावं लागतं. लोको पायलट काकांनी अमळनेरच्या पोराला लिहिलं, ‘०:३८ ला ठेका सुटला की तू सोडलास? सोडला असशील तर आणखी दोन मात्रा सोड, म्हणजे कळेल.’ बाईंनी एकाला लिहिलं, ‘तुमची लाईट येताना ऐकू आली. जाताना नाही आली. आमच्याकडे तर ती जातेच जास्त.’

आणि मला नानांनी लिहिलं, ‘०:५० पर्यंत ऐकत होतो. त्यानंतर तुम्ही सिनेमा काढायला लागले.’ माझा नंबर नववा. झालं समाधान?

(दृश्य: चिटणीसाची वही. आकड्यांचे रकाने.)

मताचं प्रकरण मात्र वेगळं. सुरुवातीला दहापैकी गुण द्यायचो. एक जण चारच्या वर कुणाला जाऊ देईना, शाळेतल्या जुन्या गुरुजींसारखा. दुसरा सगळ्यांना नऊ वाटत सुटला. दोघांची मतं एका वजनाची राहिलीच नाहीत. नऊवाल्याचा एक आठ म्हणजे केवढी नाराजी, पण बेरजेत तो चारवाल्याच्या कौतुकाच्या दुप्पट!

आता गुण नाहीत, क्रम लावायचा. स्वतःची रचना सोडून उरलेल्या दहा. पहिलीला दहा, दुसरीला नऊ, असं करत शेवटचीला एक. म्हणजे कुणालाही जास्तीत जास्त १०० मिळतात. ही रीत आमच्या चिटणीसाने शोधलेली नाही. फ्रान्समधल्या जाँ-शार्ल द बोर्दा या गणितज्ञाने १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ती मांडली होती. तिच्यात एक भोक आहे आणि ते तेव्हाच लोकांनी दाखवलं: ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम तळाला टाकता येतं. यावर बोर्दाचं उत्तर असं सांगतात, की माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठीच आहे. आमच्याकडे यावर उपाय साधा. एखाद्याला शेवटचा क्रमांक दिला, तर का दिला ते सेकंदासकट लिहा. खोटं कारण सेकंदासकट लिहिणं फार जड जातं.

स्वतःला मत न देण्याची अट काही नवी नाही. युरोपात देशादेशांत गाण्यांची युरोव्हिजन स्पर्धा १९५६ पासून चालते, तिथंही आपल्या देशाला मत देता येत नाही.

(दृश्य: लग्नाची वरात. डीजेची गाडी, थरथरणाऱ्या काचा.)

कानाचा एक दोष आहे. दोन सारख्या रचनांपैकी जी जरा मोठ्याने वाजते ती आपल्याला चांगली वाटते. मोठी नाही, ‘चांगली’. आपल्या भागात हे सांगायची गरज नाही, आपल्या वराती त्यावरच उभ्या आहेत. आमच्या दुसऱ्या खेपेला जिंकलेली रचना सर्वांत जोरात वाजणारी होती, हे नंतर मोजल्यावर कळलं. तेव्हापासून चिटणीस सगळ्या फाईली एकाच पातळीला आणून मग वाटतो.

दुसरं, नाव नाही आणि चित्र नाही. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय या संशोधिकेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीत स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या लोकांना दाखवल्या: काहींना नुसता आवाज, काहींना आवाज बंद केलेलं चित्र. विजेता अधिक अचूक ओळखला तो मुकं चित्र पाहणाऱ्यांनी! त्यात मुरलेले संगीतकारही होते. तेव्हा आमच्याकडे फक्त फाईल, तिला एक अक्षर. अर्थात बेंजो वाजला की अक्षराचं सोंग गळून पडतं. टाईपरायटरसारख्या कळा आणि खाली तारा. हे वाद्य मुळात १९१२ च्या सुमारास जपानमधल्या नागोयात निघालं आणि आता खानदेशातली वरात त्याच्याशिवाय निघत नाही. नानांच्या बोटांची लकब जिल्ह्याला पाठ आहे. तिथं चिटणीसही हात टेकतो.

तिसरं, क्रम. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वाजवायचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो, तरी आधी वाजवणारे निकालात मागे पडतात, असं १९९६ मध्ये दोन अभ्यासकांनी दाखवलं. म्हणून आमच्यात प्रत्येकाला वेगळ्या क्रमाची यादी जाते.

(दृश्य: धरणगाव. नाना दुकानाच्या ओट्यावर बेंजोची तार बदलताहेत.)

नानांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘आमच्या फडात कलगी-तुऱ्याला कुठे होती यादी?’ खरं आहे. कलगीवाले शक्ती मोठी म्हणणार, तुरेवाले शिव मोठा म्हणणार, आणि रात्रभर सवाल-जवाब. पण त्यात एक गोष्ट होती. समोरच्याचा सवाल अक्षर न् अक्षर ऐकल्याशिवाय जवाब देताच येत नसे. प्रतिस्पर्ध्याइतकं कान देऊन तुमचं दुसरं कुणी ऐकत नव्हतं. आमचं सेकंदाचं घड्याळ हे त्याचंच गरीब भावंड.

(दृश्य: पुन्हा रात्र. डीपी. भाऊच्या मोबाईलचा उजेड त्याच्या हनुवटीवर.)

आता भाऊची रचना. सुरुवात त्याच्या वडिलांच्या जुन्या पेटीने. पांढरी पाच ही पट्टी धरलेली, वर संथ बासरी, लॅपटॉपमधली. एक मिनिट अकरा सेकंद हे असंच. १:१२ ला डीपीची गुणगुण शिरते आणि त्याच क्षणी बासरी आपला सूर सोडून किंचित वर सरकते. पेटी मात्र खाली तशीच चालू.

चौघांनी ही रचना पहिली लावली. तिघांनी शेवटची. शंभरात अठ्ठावन्न, पाचवा नंबर. पाचवा म्हटला की वाटतं सगळ्यांना बरी वाटली असेल. नुसती बरी वाटली ती फक्त उरलेल्या तिघांना!

शेवटची लावणाऱ्या तिघांच्या कागदावर एकच सेकंद होता. ‘१:१२ ला बासरी बेसूर.’ ‘१:१२ पासून सूर हलतोय, दात शिवशिवतात.’ ‘१:१२. पेटी आणि बासरी जुळवून घ्यायची राहिली का?’

नावं उघड झाल्यावर भाऊ चिडला. लिहिलं, ‘बेसूर नाही. तीच तर लाईट आहे.’ आणि मला म्हणाला, कॅमेरा घेऊन ये.

(दृश्य: मोबाईलवरचं सूर मोजायचं ॲप. आकडा ९९.९, १००.१, १००.० असा हलतो.)

आपली वीज ५० हर्ट्झची. डीपीतला लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतो आणि सुटतो, म्हणून ती १०० वर गुणगुणते, आणि त्याच्या दुपटीवर, म्हणजे २०० वरही. वडिलांच्या पेटीची पांढरी पाच १९६ ची. म्हणजे डीपी पांढरी पाचही नाही आणि तिच्या लगतची काळी चारही नाही, दोघींच्या मधे अडकलेली. भाऊने बासरी मुद्दाम डीपीशी जुळवली. पेटी १९६ वर, बासरी २०० वर, आणि मधल्या चारच्या फरकाने आवाजाला सेकंदाला चार हेलकावे. दात शिवशिवले ते या हेलकाव्यांनी.

आकडा थोडा हलतो, तोही गंमतीचा. देशभरच्या ग्रीडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्टीत ठेवायची असते. तेवढी ती डोलते. म्हणजे यावलच्या शिवारातला हा तंबोरा सगळा देश मिळून छेडतोय.

मला इथं भाऊचं पटलं होतं. माझ्या यादीत ती रचना पहिलीच होती. पण शेवटची लावणारेही बहिरे नव्हते, त्यात बाई होत्या. त्यांनी जे ऐकलं ते ऐकलंच. डीपी आहे हे भाऊला माहीत, कारण तो तिच्याखाली उभा होता. चोपड्यात हेडफोन लावून बसलेल्या माणसाला एका क्षणात गुणगुण, सूरबदल आणि टक्कर तिन्ही आल्यावर तो काय म्हणणार? पेटी लावून घेतली नाही, एवढंच.

नानांनी तोड काढली. त्यांनी ही रचना मधेच कुठे तरी, सहावी लावली होती. कागदावर एवढंच: ‘१:१२. डीपी आधी एकटी ऐकव. आठ-दहा सेकंद. कानाला तिची ओळख झाली की मग बासरी आण. पेटी चालू ठेव. ती म्हातारी आहे, तिला लाईटशी काय घेणं?’

भाऊने चार दिवस उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी नवी फाईल पाठवली. मत नाही, क्रमांक नाही, विषय केव्हाच संपलेला. पेटी एकटीच सूर धरून राहते, डीपी येते, नऊ सेकंद दुसरं काही होत नाही. मग बासरी. टक्कर तीच, चार हेलकावे तेच. बाईंनी लिहिलं, ‘१:२१. आता बेसूर पेटी वाटते.’

भाऊ म्हणाला, हेच पाहिजे होतं. नाना म्हणाले, पेटीला बेसूर म्हणू नका, वडिलांची आहे. त्यावर अजून चाललंय.

(दृश्य: ठिबकच्या नळीतून पाण्याचा पहिला थेंब. भाऊ बॅटरी घेऊन बागेत शिरतो. उजेड पानांआड जातो. पडद्यावर काळोख. यानंतर निवेदन नाही, संगीत नाही. डीपीची गुणगुण चालू. चाळीस सेकंदांनी खट्. लाईट गेली.)