खारेपाट : खाडीकडून मिळवलेली जमीन
(निवेदन)

अलिबागहून पेणच्या रस्त्याला लागलात की पोयनाडच्या आसपास सपाट भातखाचरं सुरू होतात. हा खारेपाट. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी या शेतांपेक्षा वर असतं; मध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध.

हा बांध आगरी शेतकऱ्यांनी घातला. भांगाच्या दिवसांत, भरतीला जोर नसताना, चिखलाची ढेकळं हातोहात देत. बांधात बसवली लाकडी उघाडी. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की तिची झडप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं. ना मोटर, ना राखणदार. पहिल्या सरींनी खार धुतला की भात. वर्षाला हेच एक पीक. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की घरटी माणूस हजर. ही जोळ पद्धत.

एवढं करून पिकातला मोठा वाटा खोताचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा!

27 ऑक्टोबर 1933. चरी गावात सभा भरली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावांची शेतं ओस पडली, ती 1939 पर्यंत. रानातली लाकडं नि खाडीतली मासळी विकून माणसं जगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. 1939 च्या कायद्यानं कुळांना संरक्षण दिलं, पण कसणारा मालक व्हायला 1957 चा कृषक दिन उजाडावा लागला.

पुढे बांधांची जबाबदारी सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेली, आणि जोळ मोडली. आता खांड पडली की आधी पाहणी, मग प्रस्ताव, मग निविदा. उधाण मात्र दर पंधरवड्याला येतं. काहींनी शेताच्या कडेला तळी खणून जिताडा मासा पाळलाय. त्याला भाव चांगला, पण तळं टिकायलाही बांध शाबूत लागतोच.

खारं पाणी दोन-चार वर्षं आत-बाहेर करू लागलं की खाचरात कांदळ, म्हणजे खारफुटी, उगवतं. कांदळवन तोडायला न्यायालयाची मनाई. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पण त्या जमिनीत त्याला नांगर घालता येत नाही.